भरतीचे पाणी आणि आपले शिक्षण

पाण्याचा प्रश्न दलित चळवळीच्या उभारणीशीच निगडित आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही ठाऊक असते. त्या तळ्यावरील हक्काचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला, हेही आपण अभिमानाने सांगतो. परंतु ज्या गावात हे घडले त्या गावाची दुसरी ओळख आपल्या लेखनात क्वचितच येते. महाड हे खाडीचे गाव आहे. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूर आणि महाडवरून वाहत येते आणि बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामध्ये अरबी समुद्राला मिळते. समुद्राची भरती या नदीत चाळीसेक किलोमीटर आत, महाडच्या आसपासपर्यंत चढते. म्हणूनच महाड एकेकाळी बंदर होते. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून निघाले ते बोटीने. दासगाव बंदरात उतरून ती मंडळी पायी महाडला गेली. म्हणजे मनुस्मृती जाळणारी माणसे या खाडीच्या पाण्यावरून आली होती.

तेव्हाचा प्रश्न असा होता की, गावाच्या पाण्याला कोणी शिवायचे. तो प्रश्न सर्वत्र सुटला असे कोणी म्हणणार नाही. पण त्याच खोऱ्यात आज त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न उभा आहे. समुद्राची पातळी वाढत आहे. भरतीचे पाणी वर आणि आत सरकत आहे. हे पाणी कोणाला शिवायचे हे विचारत नाही, परंतु ते आधी कोणाच्या दारात येते, कोणाच्या दारातून शेवटी ओसरते आणि त्याची नोंद कोणाच्या नावाने होते, हे मात्र समाजव्यवस्थाच ठरवते. म्हणून भरती, नदी आणि समुद्र यांचे ज्ञान हा केवळ भूगोलाच्या मास्तरचा विषय राहिलेला नाही. तो आपल्या चळवळीच्या अभ्यासक्रमात आला पाहिजे. तो कसा यावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१

प्रथम भरती म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे समुद्राचे पाणी चढते आणि उतरते. आपल्या किनाऱ्यावर दिवसाकाठी दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तासांना थोडा कमी वेळ जातो, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते; तेव्हा आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत पाणी सर्वांत जास्त चढते व सर्वांत जास्त उतरते. याला आपण उधाण म्हणतो. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात पडते, पाणी फार चढत नाही व फार उतरत नाही. याला भांग म्हणतात.

हे शास्त्र शाळेच्या पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधीपासून किनाऱ्यावरच्या माणसांच्या तोंडी आहे. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा त्यांचा ठोकताळा. तिथीच्या आकड्याला तीनाने गुणावे, चाराने भागावे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर हे उत्तर अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने बरोबर येते. खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोचते. २६ जुलै २००५ या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. तो आषाढ वद्य पंचमी-षष्ठीचा सुमार. पाऊणपटीने भरती पावणेचार ते साडेचारच्या दरम्यान येते, आणि त्या दुपारी चारच्या आसपासच भरती होती. मिठी नदीला पाणी टाकायला समुद्रात जागा नव्हती. कोकणातून पोट भरायला मुंबईत गेलेली आणि नाल्याकाठी, खाडीकाठी झोपडी बांधून राहिलेली कितीतरी माणसे त्या पाण्यात सापडली. त्यांच्या गावाकडच्या म्हाताऱ्यांनी ती वेळ बोटांवर मोजून सांगितली असती.

माझी आजी शाळेची पायरी चढली नव्हती. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला मी. पण कालवे आणि शिंपल्या काढायला कोणत्या दिवशी किती वाजता खाडीत उतरायचे आणि कोणत्या क्षणी परत फिरायचे, हे ती घड्याळाशिवाय सांगत असे. त्यात चूक झाली असती तर ती जिवावर बेतली असती. अशा ज्ञानाला आपल्या विद्यापीठांनी ज्ञान म्हटले नाही, कारण ते ज्यांच्याजवळ होते त्यांना माणूस म्हटले गेले नव्हते. कोळी, भोई, कातकरी, मुसलमान मच्छीमार आणि खाडीकाठचा पूर्वाश्रमीचा महार, या सर्वांच्या श्रमातून हे ज्ञान जमले आहे. सामुदायिक शिक्षणाचा आरंभ येथून झाला पाहिजे.

२

आता समुद्राची पातळी का वाढते ते पाहू. कोळसा, खनिज तेल आणि वायू जाळून हवेत कार्बन डाय-ऑक्साइड साठतो. तो उष्णता अडवून धरतो. या जादा उष्णतेचा फार मोठा भाग समुद्र शोषून घेतो. तापलेले पाणी प्रसरण पावते, त्याला जागा जास्त लागते. १९७१ ते २०१८ या काळात समुद्राची जी पातळी वाढली तिच्यातील सुमारे निम्मा वाटा या प्रसरणाचा आहे. उरलेल्यापैकी बहुतेक वाटा डोंगरांवरील हिमनद्या आणि ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथील बर्फाचे थर वितळून आलेल्या पाण्याचा आहे.

येथे एक शंका विद्यार्थी हमखास विचारतात. बर्फ तर समुद्रावर तरंगतोच, मग तो वितळल्याने पातळी का वाढावी? याचे उत्तर दोन पेल्यांत देता येते. एका पेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फाचा खडा तरंगत ठेवा आणि पातळीवर खूण करा. दुसऱ्या पेल्यात दगड ठेवून, दगडाच्या निम्म्याहून कमी पाणी घाला आणि खडा पाण्याबाहेरच्या दगडावर ठेवा. पहिल्यात बर्फ वितळला तरी खूण बदलत नाही. दुसऱ्यात पाणी चढते. समुद्र चढतो तो जमिनीवरच्या बर्फामुळे. हा प्रयोग समाजमंदिरात, चटईवर बसून, अर्ध्या तासात होतो.

किती चढतो? हवामान बदलावरील आंतरशासकीय समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. १९०१ ते १९७१ या काळात वाढीचा वेग वर्षाला १.३ मिलिमीटर होता. २००६ ते २०१८ मध्ये तो ३.७ मिलिमीटर झाला. उत्तर हिंदी महासागराचा वेगही १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला ३.३ मिलिमीटर एवढा भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात दिला आहे. पुढे काय होणार हे जग किती इंधन जाळते त्यावर ठरेल. १९९५ ते २०१४ ची सरासरी पातळी पाया धरली, तर धूर झपाट्याने कमी केल्यास या शतकाच्या अखेरीस २८ ते ५५ सेंटिमीटर आणि धूर वाढतच राहिल्यास ६३ ते १०१ सेंटिमीटर वाढ संभवते.

मिलिमीटर ऐकून माणूस हसतो. तीन-चार मिलिमीटरला काय भ्यायचे? म्हणून हे आकडे आपल्या मापात सांगितले पाहिजेत. गेल्या शतकाहून थोड्या अधिक काळात समुद्र जवळजवळ एक वीत चढला. आजच्याच वेगाने तीस वर्षांत आणखी अर्धी वीत चढेल. वाईट मार्गाने गेलो तर शतकाअखेर दीड ते सव्वादोन हात. आता ज्याचे शेत खाडीच्या बांधाआड आहे त्याला विचारा की, उधाणाच्या दिवशी पाणी आणि बांधाचा माथा यांत अंतर किती असते. तो हात दाखवून सांगेल. ते अंतर विती-हातांतच मोजायचे असते. मिलिमीटरचा अर्थ त्या वेळी उलगडतो.

३

समुद्र चढला म्हणजे नदीचे काय होते? येथे पुष्कळ शिकलेली माणसेही गोंधळतात. त्यांना वाटते की, समुद्र वाढला तर किनारा बुडेल, चाळीस किलोमीटर आतल्या गावाला त्याचे काय? भरतीच्या नदीचा स्वभाव न समजल्यामुळे असे वाटते.

पहिली गोष्ट निचऱ्याची. पावसाळ्यात डोंगराचे पाणी नदीतून समुद्राकडे जाते. ओहोटीला ते जोरात जाते. भरतीला समुद्र नदीच्या तोंडाला जणू दार लावतो आणि डोंगराचे पाणी अडून फुगते. समुद्राची पातळी वाढली की हे दार आधी लागते आणि उशिरा उघडते. पाऊस तेवढाच पडला तरी पाणी ओसरायला जास्त वेळ लागतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेले. त्या दिवसांत उगमाकडे महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. तो दिवस आषाढ शुद्ध त्रयोदशीचा. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाण भरत आलेले. त्या महापुराचे मुख्य कारण अतिवृष्टी हेच होते. डोंगरांची झीज, नदीतला गाळ, पात्रातील भराव व बांधकामे हीही कारणे लोक सांगतात आणि त्यांत तथ्य आहे. पण या सर्वांच्या खाली समुद्राची पातळी आहे. ती खोलीची फरशी आहे. फरशी उचलली की वरचे सारेच वर येते.

दुसरी गोष्ट बांधाची. कोकणात खाडीकाठी बांध घालून खाऱ्या जमिनीचे भातशेत केलेले असते. त्या बांधात उघाडी असते. उघाडीचे दार ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडते, पावसाचे पाणी बाहेर जाते. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या जोराने ते मिटते, खारे पाणी आत येत नाही. ही साधी आणि शहाणी रचना आहे. पण ती ओहोटीच्या तासांवर जगते. समुद्र चढला की उघाडी मोकळी राहण्याचा वेळ घटतो, आत भात कुजते. उधाणात बांधावरून पाणी उसळले किंवा बांधाला खांड गेली, तर खारे पाणी शेतात शिरते आणि ते मीठ धुऊन जाईपर्यंत काही वर्षे पीक हाती लागत नाही.

तिसरी गोष्ट गोड्या पाण्याची. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह मंदावतो तेव्हा खारे पाणी नदीत आत सरकते, आणि काठच्या विहिरींत झिरपते. ज्याच्या घरी नळ आहे किंवा जो पाण्याचा टँकर विकत घेऊ शकतो, त्याला हे उशिरा कळते. ज्या बाईला डोक्यावर हंडा घेऊन जायचे असते तिला ते पहिल्या घोटात कळते.

चौथी गोष्ट वादळाची. वादळात हवेचा दाब उतरतो, वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो आणि समुद्र भरतीच्याही वर फुगतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, ते अजून ताजे आहे. पायाची पातळी जितकी उंच, तितका हा फुगवटा आत घुसणार.

४

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे पाणी कोणाच्या दारात येते?

गावकुसाबाहेर राहणे ही आपल्या समाजाची शेकडो वर्षांची शिक्षा होती. कोकणात गावकुसाबाहेर म्हणजे काय? कोठे ते डोंगराच्या उतारावर आहे, कोठे खाजणाच्या कडेला, कोठे ओढ्याच्या वळणावर. उंच, पक्क्या आणि कोरड्या जागेवर गावाचा मान आधी बसला. जी जागा उरली ती कष्टकऱ्यांच्या वाट्याला आली. २२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. २००५ च्या जुलैतही याच तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या होत्या. दरड जात पाहून कोसळत नाही. त्या मृतांत अनेक समाजांची माणसे होती. म्हणून हा प्रश्न एका जातीच्या दुःखापुरता आवळून घेणे योग्य नव्हे. परंतु जागेची निवड ज्याच्या हातात कधीच नव्हती अशा माणसाला डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत दोन्हीकडून धोका आहे, हे सत्यही लपवून चालणार नाही.

यामागे जमिनीचा इतिहास आहे. कोकणात खोती होती. जमीन कसणारा एक आणि तिचा धनी दुसरा. अलिबाग तालुक्यातील खारेपाटात, चरी येथे, १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप केला आणि तो १९३९ पर्यंत चालवला. जमीन पडीक राहिली तरी चालेल पण खोतासाठी नांगर धरणार नाही, असा तो निर्धार होता. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनी विधिमंडळावर नेला. कुळवाडी आणि अस्पृश्य यांना एका रांगेत उभे करणारा तो लढा होता, आणि त्याची भूमी होती भरतीच्या पाण्याआड राखलेली खारजमीन. खोती रद्द होण्याचा कायदा १९४९ मध्ये आला. मुंबई खारभूमी कायदा त्याच्या आदल्या वर्षीचा. पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा झाला. कायद्याने खोत गेला. पण ज्याच्या नावे कधी तुकडाही नव्हता तो भूमिहीन कायद्याच्या बाहेरच राहिला.

त्याचा परिणाम पुराच्या दुसऱ्या दिवशी दिसतो. तलाठी पंचनाम्याला येतो. शेताचे नुकसान सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याचे. अर्धेलीने कसणाऱ्याचे अर्धे पीक बुडाले तरी कागदावर त्याचे काहीच बुडालेले नसते. खाडीतले खेकडे, कालवे, शिंपल्या यांवर ज्या घरची चूल पेटते, त्या घराचे नुकसान कोणत्या रकान्यात भरायचे? मजुरीचे बुडालेले दिवस कोठे लिहायचे? ज्याची नोंद नाही ते घडले नाही, असा कारभाराचा न्याय आहे. आपल्या इतिहासाबाबत प्रस्थापित इतिहासकारांनी हेच केले. आता समुद्राच्या पाण्याबाबत हेच होऊ द्यायचे काय?

५

अशा परिस्थितीत लोकांना कोणते शिक्षण दिले जाते? एका जनजागृतीच्या कार्यक्रमाला मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. व्यासपीठावर फलक होता, पाहुणे होते, पर्यावरण वाचवण्याची शपथ होती. प्लास्टिक टाकू नका, झाडे लावा, तिवरे तोडू नका, असे सांगून झाले. समोर बसलेल्या बायका सकाळची ओहोटी सोडून आल्या होत्या. त्यांना कोणी एकही प्रश्न विचारला नाही. हवामान बदलाला सर्वांत कमी कारण झालेल्या माणसालाच शिस्तीचा उपदेश करायचा आणि त्याला शिक्षण म्हणायचे, हे जुन्या पुराणकथनापेक्षा फारसे वेगळे नाही. त्यात श्रोत्याने मान डोलवायची असते.

तिवरांचे महत्त्व खरेच आहे. तिवरांचे वन लाटेचा जोर मोडते, गाळ धरून ठेवते, मासळीला जन्म देते. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी कांदळवनांच्या तोडीविरुद्ध कडक निकाल दिला आहे. पण सरपणाची एक मोळी आणि भरावाच्या शेकडो गाड्या यांना एकाच तराजूत घालणारे शिक्षण सत्य सांगत नाही.

आपले शिक्षण वेगळे असले पाहिजे. त्यातून माणसाच्या हाती मोजमाप, नोंद आणि प्रश्न आले पाहिजेत. कार्यकर्ते, शिक्षक आणि विद्यार्थी यांनी वाडीवाडीत करता येण्याजोग्या काही गोष्टी पुढे मांडतो. यांपैकी एकीलाही मोठा पैसा लागत नाही.

पहिली, खुणेची. धक्क्यावर, पुलाच्या खांबावर किंवा समाजमंदिराच्या जोत्यावर ऑइल पेंटने हात-वितीची पट्टी रंगवावी. प्रत्येक उधाणाला आणि प्रत्येक पुराला पाणी कोठवर आले याची खूण करून तारीख, तिथी आणि वेळ वहीत लिहावी. मुंबईला अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची नोंद ठेवली जाते, म्हणून तर समुद्र चढल्याचे आज सांगता येते. तेव्हा ती राज्यकर्त्यांना बंदरासाठी हवी होती. आपल्याला आपल्या घरासाठी हवी आहे. दहावी-बारावीच्या मुलांनी ही वही सांभाळावी; दहा वर्षांत तिचे मोल कळेल.

दुसरी, मिठाची. किनारपट्टी नियमनाच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांत असे ठरवले आहे की, भरतीच्या नदीत हे नियम कोठवर लागू होतील, ते वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्यात हजारी पाच भाग क्षार कोठवर आढळतो त्यावरून ठरवायचे. हजारी पाच म्हणजे एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम, साधारण चहाचा एक चमचा मीठ. समुद्रात हेच प्रमाण सुमारे पस्तीस असते. प्रत्येक बाईने हे पाणी एकदा जिभेवर घेऊन पाहावे. मग उन्हाळ्यात नदीचे आणि विहिरीचे पाणी कोणत्या घाटापर्यंत तसे लागते ते सांगावे. शाळेच्या प्रयोगशाळेत ते तपासून घ्यावे. खाऱ्या पाण्याची ही रेषा नकाशावर कोठे आखली आहे आणि प्रत्यक्षात कोठे आहे, हा मोठा प्रश्न आहे; कारण कोठे बांधकाम करता येईल आणि कोठे नाही हे त्या रेषेवरून ठरते. ही रेषा ओळखणारी जीभ आपल्या वस्तीत आहे. तिला कागदावर आणणे बाकी आहे.

तिसरी, नकाशाची. गावाचा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा. त्यावर उंच घर, सखल घर, विहीर, उघाडी, बांधाची कच्ची जागा, पुरात बंद होणारी वाट दाखवावी. म्हातारी माणसे, बाळंतिणी, अपंग कोणत्या घरात आहेत हे लिहावे. रात्री पाणी आले तर कोणी कोणाला उठवायचे आणि कोणत्या उंच इमारतीत जायचे ते ठरवावे. ती इमारत देऊळ असो, शाळा असो की मशीद असो, तिचे दार सर्वांना उघडे राहील, हे ग्रामसभेत आधीच कबूल करून घ्यावे. संकटात जात विरघळते असे म्हणतात. अनुभव तसा नाही. म्हणून ते पावसाळ्याच्या आधीच ठरले पाहिजे.

चौथी, कागदाची. घराची नोंद, आधार, शिधापत्रिका, अर्धेलीचा काही लेखी पुरावा, मासेमारीचा परवाना यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंच जागी ठेवाव्यात. ज्याच्याकडे कागद नाही त्याची यादी करून ग्रामसभेत ठराव मांडावा की, खाडीवर जगणाऱ्याचे आणि मजुराचे नुकसानही पंचनाम्यात धरावे. ठराव नामंजूर झाला तरी तो मांडल्याची नोंद राहते.

पाचवी, प्रश्नांची. बांधाची डागडुजी होणार असेल तर विचारावे, माथा किती उंच धरला आहे आणि तो आजच्या उधाणाच्या हिशोबाने की तीस वर्षांनंतरच्या? पूल, रस्ता, रेल्वे किंवा कारखाना यांसाठी भराव पडणार असेल तर विचारावे, पाण्याला वाट किती ठेवली आहे? वस्ती हलवायची म्हणत असतील तर विचारावे, कोठे, कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या नावाने, आणि तेथून खाडी किती लांब? ज्याचे पोट ओहोटीवर आहे त्याला दहा किलोमीटर दूर पक्के घर दिले तर त्याचे छप्पर वाचते आणि चूल विझते. आणि जुने गावकूस मोडून नव्या जागी पुन्हा गावकूसच बांधणार असाल तर ते पुनर्वसन नव्हे.

कोणी म्हणेल की, हे सारे केल्याने समुद्र थांबणार आहे काय? थांबणार नाही. तो थांबवणे ज्यांनी धूर सोडला आणि सोडत आहेत त्यांचे काम आहे, आणि ती मागणीही आपण मांडलीच पाहिजे. परंतु १९२७ मध्ये तळ्यावर गेलेल्या माणसांची तहान एका ओंजळीने भागणार होती असे थोडेच होते? ती माणसे एक हक्क नोंदवायला गेली होती. पुढची दहा वर्षे तो हक्क कागदोपत्री, साक्षीपुराव्यानिशी लढवला गेला, म्हणून तो टिकला. तळ्यावरचे धैर्य आणि न्यायालयातला पुरावा, दोन्हींची जोडी होती. पुरावा उभा करण्याइतके शिक्षण आपल्यापाशी आले तेव्हाच आपले धैर्य वाया गेले नाही.

आज सावित्रीच्या काठी, आणि कुंडलिका, वाशिष्ठी, अंबा अशा प्रत्येक भरतीच्या नदीच्या काठी हीच जोडी लागणार आहे. भरतीची वेळ सांगणारी म्हातारी आणि विज्ञान शिकणारी तिची नात एका वहीशी बसल्या पाहिजेत. येत्या ज्येष्ठातल्या उधाणाच्या आधी आपल्या वाडीच्या धक्क्यावर पट्टी रंगवून व्हावी. पाणी येईल तेव्हा ते किती आले, कोणाकडे आले आणि किती दिवस राहिले, हे सांगणारा कागद आपल्या हस्ताक्षरातला असला पाहिजे.